कोंक गांवचा ठेवा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें यजमानांचे गोडवे गावे असा आपल्याकडील रिवाज आहे. तें काम माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं पुरेपूर केलें असल्यामुळें मी आपणांस थोडें दूर, फ्रान्स देशांतील एका डोंगराळ खेड्यांत नेणार आहें. त्या खेड्याचें नांव कोंक. नांव ऐकून कोणाला आपलें कोंकण आठवेल, परंतु तो केवळ ध्वनीचा खेळ आहे. मध्ययुगांत या गांवाची कीर्ति ख्रिस्ती युरोपांत दूरवर पसरली होती. अलीकडे तेथील कायम वस्ती तीनशेंच्या आंतच राहिली आहे, आणि २०१६ सालीं शेजारच्या तीन गांवांशीं जोडून त्याची एकच ग्रामसंस्था करण्यांत आली. प्रवासी तेथें एक भव्य मंदिर, एक सोन्याची मूर्ति आणि दगडांत कोरलेला अंतिम न्याय पाहण्यासाठीं जातात. हीं तिन्ही मी आपणांस दाखवीन. परंतु माझा खरा हेतु निराळा आहे. तेथील ठेवा आजवर कोणी राखला, आणि त्यांतील जें गेलें तें कोणी घालविलें, हें मला सांगावयाचें आहे.

फ्रान्सच्या दक्षिण भागांत आव्हेरों नांवाचा जिल्हा आहे. जुन्या काळीं त्या मुलखास रुएर्ग म्हणत. दुर्दू नदीला ऊश नांवाचा ओढा जेथें मिळतो, तेथें डोंगराच्या उतारावर हें गांव वसलेलें आहे. दरीचा आकार शिंपल्यासारखा, म्हणून लॅटिन भाषेंतील शिंपल्याच्या शब्दावरून त्याला हें नांव पडलें असें म्हणतात. घरें लांकडी चौकटींचीं, मधल्या जागा दगडमातीनें भरलेल्या; छपरांवर माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक बसविलेल्या पातळ दगडी फरशा. उतार इतका उभा कीं, कांहीं घरांत खालच्या गल्लींतून शिरलें तर तळघर लागतें आणि वरच्या गल्लींतून शिरलें तर माडी. जुन्या वेशी अद्याप उभ्या आहेत. जमीन हलकी असल्यामुळें उतारावरील द्राक्षवेली व चेस्टनटचीं झाडें यांवरच पूर्वीं गरिबांची भिस्त असे. चेस्टनट हें फळ धुरावर वाळवून हिवाळाभर पुरवीत. तें वाळविण्याचीं खोपटें शेतांतून असत. हीं खोपटें ध्यानांत ठेवावीं, पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस या रानांत दादों नांवाचा एक एकांतवासी साधु येऊन राहिला. त्याच्याभोंवतीं शिष्य जमले, त्यांनीं संत बेनेदिक्त यांचे नियम स्वीकारले, आणि ८१९ सालीं बादशहा धर्मनिष्ठ लुई यानें मठाला सनद दिली. परंतु मठापाशीं एकाही थोर संताचे पवित्र अवशेष नव्हते. अवशेष नाहींत तर यात्रेकरू नाहींत, आणि यात्रेकरू नाहींत तर मठाचा निभाव नाहीं, असा तो काळ होता.

येथून पुढची हकीगत मठवासी स्वतःच मोठ्या अभिमानानें लिहून ठेवीत. आझाँ नगरांत संत फ्वा या रक्तसाक्षी बालिकेची समाधि होती. ‘फ्वा’ म्हणजे श्रद्धा. डायोक्लेशियन बादशहाच्या छळांत, परंपरेप्रमाणें ३०३ सालीं, देवतांपुढें यज्ञ करण्यास नकार दिल्याबद्दल तिनें प्राण दिले; वय अवघें बारा वर्षांचें. कोंकच्या मठानें आपल्यांतील एकास आझाँ येथें पाठविलें. तो तेथें दहा वर्षें राहिला, सर्वांच्या विश्वासास पात्र झाला, समाधीचा रखवालदार नेमला गेला, आणि एका रात्रीं अवशेष घेऊन पळाला. साल सुमारें ८६६. संताच्या संमतीवांचून असें घडतेंच ना, असा युक्तिवाद करून त्या काळचे लेखक या कृत्याची तारीफ करतात. मला तो युक्तिवाद पटत नाहीं. सातव्या आज्ञेंत मठवाश्यांसाठीं अपवाद लिहिलेला नाहीं, आणि ज्या विश्वासाचा दहा वर्षें घास घेतला गेला, तो आझाँच्या भोळ्या भाविकांचा होता. कोंकच्या वैभवाचा पाया या चोरीवर उभा आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

अवशेष आले आणि गांवाचें दैव पालटलें. ९८३ च्या सुमारास, डोळे उपटून टाकलेल्या एका मनुष्यास दृष्टि परत मिळाल्याची वार्ता पसरली आणि लोकांची रीघ लागली. पुढें स्पेनमधील सांतियागो येथें संत याकोबाच्या समाधीकडे जाणारा एक मोठा यात्रामार्ग ल् पुई नगराहून याच गांवावरून जाऊं लागला.

आतां मूर्तीविषयीं. ती ८५ सेंटिमीटर उंच आहे. आंत लांकडाचा गाभा, वरून सोन्याचा पत्रा. सिंहासनावर ताठ बसलेली, मुकुट घातलेली, काचेच्या निळ्यापांढऱ्या डोळ्यांनीं समोर एकटक पाहणारी. मस्तक त्याहून पुष्कळ जुनें, चौथ्या-पांचव्या शतकांतील रोमन कारागिरीचें, बहुधा कोणा पुरुषाचें आहे. धड त्याला मागाहून जोडलें. अंगावर माणकें, मोतीं, नील, प्राचीन रोमन लोकांच्या मुद्रांचे कोरीव खडे. सिंहासनावर चौदाव्या शतकांत बसविलेले स्फटिकाचे गोळे. बारा वर्षांच्या मुलीचें कोंवळेपण तीत शोधूं गेल्यास निराशा होईल. प्रथमदर्शनीं ती सुंदर वाटत नाहीं; ती धाक घालते.

१०१३ च्या सुमारास बर्नार नांवाचा एक विद्वान धर्मगुरु तेथें आला. शार्त्रच्या विख्यात विद्यापीठांतील महागुरुस्वामी फुल्बेर यांचा तो शिष्य. येण्याच्या वाटेवरच खेडवळ लोक अशा मूर्तीपुढें लोळण घेतात हें पाहून त्यानें सोबत्याकडे वळून लॅटिनमध्यें टोमणा मारला, कीं ज्युपिटर किंवा मार्स या देवतांच्या मूर्ति याहून कांहीं निराळ्या नसतील. क्रूसावरील प्रभूच्या प्रतिमेवांचून दुसरी मूर्ति त्याला अनुचित वाटे. आपल्या देशांत हा प्रश्न आपणांस वारंवार विचारला जातो, म्हणून तो हजार वर्षांपूर्वीं एका धर्मगुरूनेंच विचारला होता हें ऐकून आपणांस मौज वाटेल. बर्नार तेथें राहिला, लोकांशीं बोलला, त्यांच्या हकीगती त्यानें टिपून घेतल्या आणि त्याचें मत फिरलें. येथें आराधना सोन्याची नाहीं, सोन्याच्या आवरणांत एका मुलीची आठवण जपली आहे, हें त्याला उमगलें. संत फ्वा हिच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिण्यास त्यानेंच प्रारंभ केला.

त्या ग्रंथांत एक गोष्ट मोठी गोड आहे. ही संत बालिकाच असल्यामुळें तिला दागिन्यांची हौस, अशी लोकांची समजूत होती. ती स्वप्नांत येऊन एखाद्या बाईपाशीं आंगठी मागे, एखाद्या सरदारपत्नीपाशीं कंकणें मागे. तिच्या अशा लीलांना तेथील शेतकरी तिच्या ‘गंमती’ म्हणत. यांतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच: त्या मूर्तीवर जें चमकतें आहे, त्यांतील पुष्कळसें कोणाच्या तरी हातांतून, कोणाच्या तरी गळ्यांतून उतरून तेथें आलेलें आहे.

मूर्तीच्या दर्शनास येणाऱ्यांसाठीं जुनें मंदिर अपुरें पडूं लागलें, तेव्हां मठाधिपति ओदोलरिक यानें अकराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आजच्या मंदिराचें काम हातीं घेतलें. तें पुढच्या शतकाच्या आरंभीं पुरें झालें. डोंगराच्या कड्यावर जागा बेताचीच; लांबी फार वाढवितां येईना, म्हणून बांधणाऱ्यांनीं उंची वाढविली. मधल्या दालनाची कमान २२ मीटरांवर आहे आणि रुंदी त्या मानानें फारच थोडी, त्यामुळें आंत पाऊल टाकतांच मान आपोआप वर जाते. वेदीच्या मागून अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्ग काढलेला आहे, म्हणजे वेदीवरील उपासना न मोडतां यात्रेकरूंनीं अवशेषांभोंवतीं फिरावें. खांबांचे कोरीव माथे सुमारें अडीचशें. वेदीभोंवतीं लोखंडी जाळी आहे. ती सुटलेल्या कैद्यांनीं वाहिलेल्या बेड्या वितळवून केली असें सांगतात. संत फ्वा कैद्यांची कैवारी समजली जाई, आणि त्या काळीं सरदारांच्या तळघरांत निरपराधी लोक कमी नसत.

पश्चिम दरवाजावरील शिल्प हें कोंकचें तिसरें नवल होय. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील या दगडी अर्धवर्तुळांत १२४ आकृति आहेत. निळ्या व तांबड्या रंगाचे अंश अजून दिसतात. मध्यभागीं न्यायासनावर प्रभु ख्रिस्त. उजवा हात वर, डावा खालीं. त्याच्या उजवीकडून पवित्र मारिया, संत पेत्र आणि त्यांच्यामागून इतर येतात. त्यांत एक मठाधिपति मुकुटधारी राजाचा हात धरून त्याला जवळजवळ ओढीत नेत आहे. हा राजा शार्लमेन. मठाचा उपकारकर्ता म्हणून त्याला स्वर्गांत जागा दिली, परंतु तो आपल्या पायांनीं मोठ्या उत्साहानें चालला आहे असें कांहीं शिल्पकारानें दाखविलें नाहीं. खालच्या बाजूस संत फ्वा गुडघे टेंकून ओणवलेली, आणि मेघांतून आलेला परमेश्वराचा हात तिच्या मस्तकाकडे पोहोंचलेला. मागें कमानींत सुटलेल्या कैद्यांच्या बेड्या लटकत आहेत.

डावीकडे नरक. तेथें शिल्पकाराचा हात अधिक मोकळा चाललेला दिसतो, हें कबूल केलें पाहिजे. गळ्यांत पैशाची थैली बांधून फांशीं दिलेला कंजूष, घोड्यावरून डोकें खालीं करून पडणारा गर्विष्ठ सरदार, आणि चोरून शिकार करणाऱ्याला सळईवर भाजणारा ससा! एक सैतान जाळें धरून आहे आणि त्या जाळ्यांत हातीं दंड असलेला बिशपही सांपडलेला आहे. धर्मगुरूंना या शिल्पांतून वगळलेलें नाहीं, हें मी स्वतः धर्मगुरु असल्यामुळें मुद्दाम सांगतों. मध्यें तराजू आहे. एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला सैतान, आणि सैतान आपलें पारडें बोटानें हळूच दाबतो आहे. बाजारांत ज्यानें कधीं वजनमाप पाहिलें आहे, त्याला हें प्रवचन समजावून सांगावें लागत नसे. सर्वांत वर, कमानीच्या दगडी पट्टीआडून कांहीं छोटीं डोकीं डोकावत आहेत. पट्टीची कड बोटांनीं धरून, नाकापर्यंतच वर येऊन, तीं हा सारा प्रकार पाहत आहेत. त्यांना तेथील लोक ‘जिज्ञासु’ म्हणतात. मी त्या दरवाजापाशीं उभा होतों तेव्हां माझ्या शेजारचीं शाळकरी मुलें स्वर्गनरक सोडून तीं डोकींच मोजीत होतीं.

वैभव ओसरण्यास पुढें वेळ लागला नाहीं. यात्रा कमी झाली, मठाची शिस्त सैल पडली, सोळाव्या शतकांत मठवाश्यांच्या जागीं साधे पुरोहित आले, धर्मयुद्धांत १५६८ सालीं मंदिराला आग लावली गेली. हें सर्व युरोपांतील अनेक मठांच्या वांट्यास आलें. कोंकची खरी परीक्षा त्यानंतर झाली.

१७८९ च्या नोव्हेंबरांत फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राची म्हणून जाहीर केली. पुढील वर्षांत मठ बंद झाले. मग गांवोगांवच्या मंदिरांतील सोन्याचांदीचीं पात्रें, क्रूस, अवशेषपेट्या टांकसाळींत जाऊं लागल्या. शतकानुशतकांची कारागिरी मुशींत वितळून नाहींशी झाली. कोंकच्या पुरोहितांची पांगापांग झाली होती. ठेव्याला धनी उरला नव्हता. सरकारी माणसें येणार हें कळल्यावर गांवकऱ्यांनीं एके रात्रीं तो आपसांत वांटून घेतला. कोणी बागेंत पुरला, कोणी घरांत दडविला, कोणी चेस्टनट वाळविण्याच्या खोपटांत पेंढ्याखालीं ठेवला, असें तेथें परंपरेनें सांगतात. सोन्याची मूर्ति, शार्लमेननें दिल्याची आख्यायिका असलेला ‘अ’ अक्षराच्या आकाराचा अवशेषसंपुट, राजा पेपँ याच्या नांवाची पेटी, मठाधिपति बेगों याची ११०० सालची फिरती वेदी, सारें कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं गेलें.

बंधुभगिनींनो, हे लोक गरीब होते. मूर्तीवरील एखादा खडा, सोन्याच्या पत्र्याची एखादी पट्टी विकली असती तर एका घराची कित्येक वर्षांची ददात मिटली असती. जप्तीचा अंमल असतां, कोणापाशीं काय आहे याची नोंद नसतां, विचारणारें कोण होतें? परंतु वादळ ओसरल्यावर हा ठेवा परत आला. ज्या गांवाच्या मठानें दहा वर्षांच्या विश्वासाचा घात करून आपली संत मिळविली, त्याच गांवच्या संसारी माणसांनीं तिचें धन विश्वासानें परत केलें! फ्रान्समध्यें मध्ययुगाच्या पूर्वार्धांतील सुवर्णकाम इतक्या विपुलतेनें आपल्या मूळ ठिकाणीं उरलेलें दुसरें स्थळ दाखविणें कठीण आहे.

परंतु ही हकीगत येथेंच थांबविली तर ती अर्धीच होईल. मंदिराला लागून मठाधिपति बेगों यानें बांधलेलें एक सुरेख चौकबंद ओसऱ्यांचें आवार होतें. त्याच्या मधोमध हिरवट दगडाचें मोठें कुंड होतें. क्रांतीनंतर मठ ओसाड पडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हें आवार जवळजवळ सर्व नाहींसें झालें. कोणा शत्रूनें तें पाडलें नाहीं. गांवकऱ्यांनीं घरें, गोठे, बांध यांसाठीं तेथील दगड नेले. आज एका बाजूच्या थोड्या कमानी व कांहीं खांबांचे माथे उरले आहेत. कुंडाचे इकडेतिकडे गेलेले भाग गोळा करून तें पुन्हा जुळवावें लागलें.

सोनें परत करणाऱ्या हातांनींच दगड कां उचलले? पुष्कळ विचार केल्यावर मला एकच उत्तर सुचतें. मठाच्या आवारांत गांवकऱ्यांना कधीं प्रवेशच नव्हता. तें मठवाश्यांचें, मठवासी गेले, आवार बेवारशी झालें. मूर्ति मात्र त्यांची होती. तिच्यावर त्यांच्या आज्या-पणज्यांच्या आंगठ्या होत्या. मनुष्य स्वतः ज्यांत कांहीं घालतो तेंच जिवापाड जपतो, असा माझा तर्क आहे. आणि त्यांत दोष कोणाचा असेल तर तो दार लावून घेणाऱ्यांचाही आहे.

आपल्याकडे याला एक समांतर गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा छापलें. या तीन आवृत्त्यांपैकीं छापील प्रत आज कोठेंही ठाऊक नाहीं. तें महाकाव्य वांचलें तें हस्तलिखितांमुळें. ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या नकला केल्या, जपल्या, घरांत वाचल्या. त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालदान्हा यांनीं तें पुन्हा छापविलें. येथेंही ग्रंथ उरला तो घरांत. संत फ्वा हिच्यावरही अकराव्या शतकांत लोकभाषेंत एक गीतकाव्य रचलें गेलें होतें; तें मात्र हरवलें होतें, आणि १९०१ सालीं पोर्तुगीज पंडित लैती द व्हास्कोन्सेलोस यांस हॉलंडमधील लायडनच्या ग्रंथालयांत सांपडलें.

कोंककडे वळूं. १८३७ सालीं ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक, प्रसिद्ध लेखक प्रोस्पेर मेरिमे, तेथें पोहोंचले. अशा निर्जन मुलखांत एवढी संपत्ति असेल याची त्यांना कल्पनाही नव्हती, असें त्यांनीं नमूद केलें आहे. मंदिर मोडकळीस आलें होतें. त्यांच्या अहवालामुळें दुरुस्तीचें काम सुरू झालें. १८७३ सालीं रोदेझचे महागुरुस्वामी बुरे यांनीं प्रेमोंत्रे संघाच्या धर्मगुरूंना बोलावून आणलें. तो संघ आजही तेथील धर्मकार्य पाहतो. १८७५ सालीं वेदीजवळच्या भिंतींत एक कातड्याची, मिन्याच्या चकत्या जडविलेली पेटी सांपडली. आंत संत फ्वा हिचे अवशेष होते. संकटाच्या काळीं कोणी तरी ते भिंतींत चिणून ठेवले, आणि ती खूण कोणाला सांगण्यापूर्वीं तो मनुष्य जगांतून गेला असावा. १९०५ च्या कायद्यान्वयें फ्रान्समधील जुनीं मंदिरें ग्रामसंस्थांच्या मालकीचीं ठरलीं. म्हणजे लोकांनीं एका रात्रीं जें मनानें आपलें मानलें, तें शंभर वर्षांनीं कागदोपत्रींही गांवाचें झालें. १९९८ सालीं हें मंदिर व दुर्दू नदीवरील यात्रेकरूंचा पूल यांना, सांतियागोच्या फ्रान्समधील यात्रामार्गांचा भाग म्हणून, जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

एका अलीकडील कामाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. रोदेझ येथें १९१९ सालीं जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज शाळकरी वयांत या मंदिरांत आले होते, आणि कलेला वाहून घेण्याचा आपला निश्चय येथें झाला असें ते सांगत. १९८७ पासून १९९४ पर्यंत खपून त्यांनीं मंदिराच्या १०४ खिडक्यांना नवी कांच बसविली. तींत रंग नाहीं, आकृति नाहीं, संतांची चित्रें नाहींत. दुधी, अर्धपारदर्शक कांच आणि तीवरून वळणाऱ्या काळ्या रेषा, एवढेंच. कित्येक गांवकऱ्यांना तें मुळींच आवडलें नव्हतें. सकाळीं त्या कांचेंत निळसर छटा येते आणि उन्हें कलतांना ती तांबूस होते. दगड मात्र आपल्या रंगांत राहतो. मला त्या खिडक्या आवडतात, परंतु नापसंतीही मला समजते. स्वतःच्या मंदिराच्या खिडक्यांवरून जे लोक भांडतात, ते त्या मंदिरांत अजून राहतात.

यात्रेकरू आजही पाठीवर बोजा घेऊन ल् पुईहून चालत येतात. रात्रीं मंदिरांत प्रार्थना होते, त्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि मग दरवाजापाशीं संघाचे बंधु त्या १२४ आकृतींचा अर्थ समजावून सांगतात. लोक हंसतात, सशापाशीं तर हमखास. सहा ऑक्टोबरच्या सुमारास संत फ्वा हिचा सण होतो. सकाळीं यात्रेकरू उतरत्या गल्लीनें वेशीबाहेर पडून जुन्या पुलावरून दुर्दू ओलांडतात. पलीकडचा चढ उभा व दमविणारा आहे. अर्ध्या वाटेवर संत फ्वा हिच्या नांवाचें एक लहानसें मंदिर लागतें; जाणारे तेथें थांबून घंटा वाजवितात, आणि दरीच्या दुसऱ्या बाजूला, गांवांत मागें राहिलेल्यांना, ती ऐकूं येते.